तिसरी घागर

७ फेब्रुवारी १९४९, सोमवार. कल्याण कॅम्प

आणि वर आबाच लिहिणार की दगड मी झालोय! बायजाला मातीत ठेवल्यावर सगळ्या मंडळीदेखत "देवाचं होतं, देवाने नेलं" असं खणखणीत आवाजात कोण म्हणालं? मी? बावीस वर्षांची माझी बायको बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी गेली, आणि माझे वडील असून आबा रविवारच्या उपदेशाला लावतात तोच आवाज लावून बोलले. जरासुद्धा कापला नाही. मी तिथेच म्हणालो, नेलं ना, मग आता माझ्याकडून स्तुती कशाला मागतो तो? झालं. त्या दिवसापासून मी देवाशी भांडणारा आणि आबा देवाचे वकील.

आजच्या पत्रात पुन्हा तेच, आणि वर एक नवीन. आईचा दमा वाढल्यापासून मुलगी योहान मास्तरांच्या घरी आहे हे मला माहीत होतं. मास्तर आमच्या गावच्या मिशनच्या शाळेत शिकवतात. त्यांची बायको सारूबाई. तिची तीन मुलं लहानपणीच गेली, पुढे काही झालं नाही. आता मास्तर म्हणतात, मुलगी आम्हाला कायमची द्या, आमचं नाव लावतो. आबा विचारतात, तुझं काय म्हणणं? मे महिन्यात पाळकसाहेब गावी येतील तेव्हा तिचा बाप्तिस्मा करायचा आहे. बाप म्हणून कोण उभा राहणार ते तोवर ठरव.

मी उत्तर लिहिलं, ठेवा म्हणावं.

मुलीला मी एकदाच पाहिलं आहे, तेही धड नाही. ती नसती तर बायजा असती. हे लिहू नये. लिहिलं.

९ फेब्रुवारी, बुधवार

ही वही तानाजीभाऊंनी प्रार्थना लिहायला दिलेली. ते कल्याणच्या लोको शेडात फिटर आहेत. त्यांच्या क्वार्टरमध्ये आमची दहाबारा ख्रिस्ती माणसं रविवारी उपासनेला जमतात. चौथी शिकलेल्या माणसाला वही दिली की तो काय लिहिणार? शिव्याच लिहिणार.

गाव सोडल्यापासून माझं हे तिसरं काम. डोंबिवलीची वीटभट्टी सोडली, ठाण्याच्या गिरणीत जीव रमला नाही. इथे मी चावीवाला. म्हणजे शहाडकडून नदीचं पाणी चढवतात, ते टाकीत येतं, आणि हातभर लांब लोखंडी चावी घालून मी एकेका बराकीच्या रांगेचं पाणी सोडतो. पलटणीसाठी बांधलेल्या बराकी, त्यात आता सिंधी निर्वासित भरलेत. एका खोलीत साड्या नि गोणपाट टांगून चार चार बिऱ्हाडं. कार्डावर जितकी माणसं तितक्या घागरी. घागर मोजायला मलाच नळावर उभं राहावं लागतं, कारण नाहीतर बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात.

आमचा मुकादम दगडू म्हणतो, "नाथा, तुझ्या हातात चावी आहे. पण स्वर्गाची नाही हां, नळाची. मान खाली घालून काम कर."

सातव्या रांगेत पारपती म्हणून एक बाई आहे. पन्नाशीची असेल. नवरा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो, बोलत नाही. कार्डावर दोन माणसं आणि ही रोज तीन घागरी लावते. तिसरी पितळेची, चकचकीत, घासून घासून नाव पुसलेली.

"माय, दो आदमी, दो घागर."

"बेटा बाहर गया है। आएगा तो क्या पिएगा?"

रोज तेच. आज मी तिसरी घागर उचलून बाजूला ठेवली. तिने परत नळाखाली ठेवली. मागच्या बायका ओरडायला लागल्या. मी रागाने नळच बंद केला, तर सगळ्याच रांगेने माझे बाप काढले. सिंधीत काढले, पण कळतं.

१० फेब्रुवारी

शेजारच्या बाईने सांगितलं. पारपतीचा मुलगा लछमन कराचीच्या दंगलीत मारला गेला. बोटीत बसण्याच्या आधी. तिने स्वतः बघितलंय म्हणे. तरी तीन घागरी.

आज तिसरी भरू दिली. वर बघितलं नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

तानाजीभाऊंकडे उपासना. भजन झालं, प्रार्थना झाली. मी ओठ हलवतो, आवाज काढत नाही. भाऊंच्या बायकोला, सुमतीवहिनींना, ते दिसतं, मग माझ्या ताटात भाकरी जास्त पडते.

जेवताना तानाजीभाऊ म्हणाले, "नाथा, आम्ही इथे चार भिंतींत प्रार्थना करतो. तू रोज हजार दुःखी माणसांत उभा असतोस. त्यांना दोन शब्द बोल."

"कोणते दोन, भाऊ? मला बोललेले सगळे माझ्या नाकापर्यंत आलेत."

"तुला कोण काय बोललं ते राहू दे. तुला काय बोलायला हवं होतं ते बोल."

"मला कोणी काही बोलायला नको होतं."

"अरे, मग तसा जाऊन बस!"

वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही. पण ते डोक्यात राहिलं. संध्याकाळी टाकीवर बसून विचार केला, पारपतीला आपण रोज दोन घागर, दोन घागर करून किती छळलं.

१६ फेब्रुवारी, बुधवार

उजव्या हाताने लिहवत नाही. लिहितो तरी.

काम संपवून, तोंड धुऊन, धुतलेला सदरा घालून मी सातव्या रांगेत गेलो. गोणपाटाच्या पडद्याबाहेर उभा राहिलो. पारपती तांदूळ निवडत होती. आमच्या नगरकडे आम्ही ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटलो की काय करतो? उजवा हात कपाळाला लावतो. लहान होतो तेव्हा आबांनी चापट मारून शिकवलेलं. मोठं माणूस दिसलं, दुःखाच्या घरी गेलो, देवळातून बाहेर पडलो, पहिला शब्द तोच. दुसरा मला येतच नाही.

मी हात कपाळाला लावला आणि म्हणालो, "सलाम, माय."

तिचं सूप खाली पडलं. ती ओरडली नाही आधी. नुसती माझ्याकडे बघत भिंतीला सरकत गेली. मग ओरडली. तसलं ओरडणं मी फक्त एकदा ऐकलंय, बायजाच्या आईचं.

पुढचं काय सांगावं. तिन्ही पडद्यांतून माणसं आली. कोणीतरी मान धरली. मी म्हणतोय, मी पाणीवाला, मी पाणीवाला, पण धुतलेल्या सदऱ्यात मला कोणी ओळखेना. "नाम बोल! नाम बोल!"

"नाथा!"

"नाथा? और सलाम करता है?"

त्यावर जास्तच मारलं, खोटं बोलतो म्हणून.

दगडू मुकादम धावत आला. "अरे सोडा त्याला! तो तसला नाही. किरिस्ताव आहे, किरिस्ताव! यांच्यात असंच असतं!" मला ओढत बाहेर काढलं आणि टाकीखाली बसवून डोक्यावर पाणी ओतलं. वर म्हणतो, "पाद्रीबुवा, राम राम म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं रे?"

मी म्हणालो, आबांचंच जात होतं. मग आम्ही दोघंही हसलो. हसताना बरगडी दुखली.

पण ती जशी भिंतीला सरकली ते डोळ्यांपुढून जात नाही. सांत्वन करायला गेलो आणि तिच्या पोराला परत मारून आलो.

२० फेब्रुवारी, रविवार

तानाजीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी कराचीत चार वर्षं काढली, रेल्वेत. हे मला सुचायला हवं होतं. चूक माझी."

"पण मी आता तिला म्हणू काय? राम राम म्हणू? माझ्या तोंडून ते खोटं वाटेल."

"काही म्हणू नको. पाणी आहे ना तुझ्याकडे."

४ मार्च, शुक्रवार

पारपती नळावर येत नव्हती, शेजारीण तिच्या घागरी आणायची. दोनच. आज मी पाणी बंद केल्यावर माझ्या पिण्याच्या मडक्यातलं पाणी एका बादलीत ओतलं आणि सातव्या रांगेत गेलो. पडद्याबाहेरच थांबलो. कोपऱ्यात पितळी घागर कोरडी पडलेली दिसली. बाहेरूनच हात घालून ओढली, भरली, आत सरकवली.

आतून आवाज आला, "कौन?"

"पानीवाला."

मी परत निघालो.

१२ मार्च, शनिवार

रोज तसंच करतो. आज ती बाहेर आली. माझ्या कपाळावरची माराची खूण बघितली. म्हणाली, "मुझे क्या मालूम तुम लोग भी बोलते हो।"

"गलती मेरी है, माय."

ती उंबऱ्याशी बसली. हळूहळू बोलत होती, सगळं कळलं असं नाही. दंगलीत शेजारच्या एका म्हातारीने हिला आणि नवऱ्याला तीन दिवस कोठीत लपवलं. रोज दार उघडून भाकरी द्यायची आणि म्हणायची, सलाम बहन, ज़िंदा हो? "जिन्होंने छुपाया वो भी सलाम बोलते थे। जिन्होंने मारा वो भी बोलते थे। लफ़्ज़ का क्या कसूर।" मग म्हणाली, "लेकिन तू मत बोल। अभी नहीं।"

मी मान हलवली.

"क्या बोलेगा फिर?"

"कुछ नहीं. माय बोलेगा."

"बोल।"

"माय."

"हाँ," ती म्हणाली आणि आत गेली.

२३ मार्च, बुधवार

आज तिने विचारलं, तुमचा देव कोण? मी म्हणालो, प्रभु येशू. तो काय करतो? आता हे आबांना विचारलं असतं तर तासभर झाला असता. मला एवढं कुठे येतं? आणि जे येतं त्यावर माझाच विश्वास उरलाय की नाही कोण जाणे. पण शाळेत ऐकलेली एक गोष्ट तोंडातून आली.

"हमारा प्रभु रोया था, माय. उसका दोस्त मर गया, लाजर नाम का. प्रभु को मालूम था, मैं अभी इसको उठानेवाला है. तो भी कबर के बाजू में खड़ा रह के रोया."

"मालूम था तो रोया क्यों?"

"वो नहीं मालूम." खरंच मला नाही माहीत. मी कधी विचारलंच नव्हतं.

ती बराच वेळ तांदळातले खडे काढत राहिली. "घर में बहनें होंगी उसकी," ती म्हणाली. "रोती होंगी। उनको देख के रोया होगा।"

बहिणी होत्याच. मार्था आणि मरिया. मरिया रडत प्रभूच्या पायाशी पडली, तिला बघून तो हेलावला, अगदी तसंच आहे. हे हिला कोणी सांगितलं? आबांनी इतक्या वेळा ही गोष्ट वाचली, पण ते लगेच लाजर जिवंत होऊन उठतो तिथे जातात. मधे थांबत नाहीत.

मग तिने विचारलं, "तेरा कौन मरा?"

मी काही बोललोच नव्हतो. तिला कसं कळलं? मी बायजाचं नाव सांगितलं. ती कशी हसायची ते सांगितलं, आधी नाक आक्रसायची. आणि अजून काय काय. मधे एकदा बोलता येईना तर पारपतीने पाणी दिलं. पितळी घागरीतलं.

"और बच्चा?"

"बच्ची है. गाँव में. दूसरे को दे दी."

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मी उठून आलो. मला वाटतं रागावली असावी.

१५ एप्रिल, उत्तम शुक्रवार

गुड फ्रायडेच्या उपासनेला तानाजीभाऊंबरोबर ठाण्याच्या देवळात गेलेलो. उपदेश लांबला. माझ्या पुढच्या चटईवर एक बाप होता, त्याच्या खांद्यावर लहान मुलगी झोपलेली, तोंड उघडं, लाळ त्याच्या कोटावर. तो दोन तास हलला नाही. पाय नक्की बधिर झाले असणार.

मी प्रभूला म्हणालो, तू रडला होतास ना, मग माझ्याकडे बघून रड. आबांचा आवाज नको. आणि मग मीच रडलो. आवाज करून. तानाजीभाऊंनी काही केलं नाही, फक्त आपला रुमाल माझ्या गुडघ्यावर ठेवला. किती महिन्यांनी असं हलकं वाटलं. दुःख गेलं नाही, जरासुद्धा नाही, पण त्यात मी एकटा बसलेलो नव्हतो. हे कसं लिहावं मला कळत नाही.

१७ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

आबांना लिहिलं, मुलगी कोणाला देऊ नका. मी येतो. बाप्तिस्म्याला बाप म्हणून मी उभा राहीन आणि तिला घेऊन येईन. सुमतीवहिनी दिवसा सांभाळायला तयार आहेत.

योहान मास्तरांना तुम्हीच सांगा, असंही लिहिलं. मला ते जमणार नाही.

११ मे, बुधवार

नदी आटली. पाणी निम्म्यावर आलं. वरून साहेब येऊन गेले, कार्डाबाहेर एक थेंब नाही म्हणाले. दगडू मला म्हणाला, "सातव्या रांगेतली तुझी ती तिसरी घागर मला दिसत नाही असं नाही. आजवर दिसली नाही. उद्यापासून दिसेल. माझी पण नोकरी आहे, बाबा."

मी म्हणालो, माझ्या वाटचं पाणी देईन.

"आणि तू काय पिशील, वहीतली शाई?"

१२ मे, गुरुवार

पारपतीला कसं सांगावं म्हणून मी सकाळपासून तोंड चुकवत होतो. ती नळावर आली. दोन घागरी लावल्या. पितळी घागर काखेत होती, ती लावलीच नाही. मी म्हणालो, "माय, लाव, भरतो."

"नहीं। दो आदमी, दो घागर।"

कोणी तिला सांगितलं का साहेबांचं? दगडू म्हणतो, नाही. मग माझं काही चुकलं का? मुलीला आणायला जाणार असं परवा सांगितलं तेव्हा ती खूश दिसत होती. सगळ्यांचं पाणी भरून होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग घागर माझ्यापुढे केली.

"तेरी बेटी को दे। नहाएगी इसमें।"

मी नको म्हणालो. तिने कराचीहून बोटीवर ही एकच घागर आणलीय, बाकी सगळं तिथेच राहिलं. नको, नको म्हणालो. ती चिडली. "रख! खाली घागर घर में अच्छी नहीं।"

घेतली. ती जाताना एकदाही मागे वळली नाही.

२८ मे, शनिवार. गावी

मनमाडला गाडी बदलून राहुरीला उतरलो, तिथून चालत. घागर डोक्यावर. सगळे विचारत होते, काय रे, पाणी विकतोस का?

आधी मास्तरांच्या घरी गेलो. बरं, म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. मास्तर मला बघून "सलाम, नाथा" म्हणाले आणि चपला घालून शाळेकडे निघून गेले. सुट्टी असताना.

सारूबाईने गाठोडं बांधून ठेवलेलं. दुपटी धुऊन घडी घातलेली, दोन झबली, टोपडं. चहा दिला. मुलगी तिच्या कमरेवर. सात महिन्यांची झाली. बायजाचं नाक आहे. तेच, आक्रसतं.

"हिला गाईचं दूध पचत नाही, भावजी," सारूबाई म्हणाली. "शेळीचंच द्या. निम्मं पाणी घाला. आणि झोपताना हिला कान लागतो."

"कान?"

"कान धरून झोपते. माझा. तुमचाही धरेल, सवय झाली की." हे सांगताना ती गाठोड्याची गाठ परत परत आवळत होती. "पोट दुखलं तर ओवा. जास्त नाही. आणि गाडीत वारा लागू देऊ नका." मग म्हणाली, "देवाचं होतं, देवाने थोडे दिवस दिलं. आमचं काही म्हणणं नाही हो."

तिची हनुवटी हलत होती. हेच वाक्य मी आबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा दगड उचलून मारावासा वाटलेला. आता वाटलं, पडू नये म्हणून माणूस खुंटी धरतं तसं तिने ते धरलंय.

मी मुलीला घेतलं. ती आधी बघत राहिली, मग रडायला लागली. लाल झाली. दोन्ही हात सारूबाईकडे. सारूबाईने पाठ केली, हात पदरात गुंडाळले, घ्यायचं नाही म्हणून. मी हलवलं, गाणं म्हटलं, घागर वाजवली. शेवटी मीच म्हणालो, घ्या हो.

कानाला हात लागताच गप्प.

आबांकडे आलो. आईने मिठी मारली, तिला धाप लागली. आबा म्हणाले, "बरं केलंस आलास. उद्या उभा राहा नीट."

हो म्हणालो.

३० मे, सोमवार

काल देऊळ भरलेलं. पाळकसाहेबांनी वाटीत पाणी घेतलं आणि विचारलं, "या बालकाचा बाप म्हणून कोण उभा राहतो?"

आबांनी मला कोपर मारलं. मी उभा राहिलो. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. बायकांच्या बाजूला सारूबाई मुलीला घेऊन बसलेली, डोळे मिटून, ओठ हलत होते. प्रार्थना करत होती. काय मागत होती? मुलगी मिळू दे? मला नाही वाटत. मला वाटतं ती मुलीच्या प्रवासासाठीच मागत असणार. तिच्या गालावरून पाणी टोपड्यावर पडत होतं आणि मुलगी ते बोटाने पुसत होती, खेळ समजून. मी तिच्याकडेच बघत उभा होतो.

मी म्हणालो, "योहान मास्तर."

"काय?" पाळकसाहेब म्हणाले.

"बाप योहान मास्तर आहेत. मी... मी नात्यातला. साक्षीला उभा आहे."

मास्तर मागे दाराजवळ उभे होते. त्यांना पुढे यायला वेळ लागला. सारूबाईने डोळे उघडले ते माझ्याकडे बघून नाही, मुलीकडे बघून. मग ती चटईवर वाकली ती उठेचना. मीच जाऊन तिला म्हणालो, "उठा, वहिनी. तुमचीच आहे. पाणी थंड होतंय." असलं काहीतरी बोललो. पाणी थंडच असतं.

नाव दया ठेवलं. मला फारसं आवडलं नाही. बायजाला आवडलं असतं की नाही कोण जाणे.

घागर सारूबाईला दिली, ज्या बाईने दिली तिचं नाव सांगितलं. मी म्हणालो, दर महिन्याला दुधाला पाठवत जाईन. तिने माझे हात धरले. "नका, भावजी. पैसे आले तर मला रोज वाटेल, पोसायला ठेवलीय. कधीतरी न्यायला येतील." मी कबूल केलं. पाठवणार नाही म्हणालो.

आबा स्टेशनापर्यंत आले, पण बोलले ते शेवटी. "पुन्हा पळालास."

असेलही. मला तरी काय ठाऊक? गाडी हलल्यावर बघितलं तर आबा फलाटावर टोपी काढून उभे होते आणि टोपीने तोंड पुसत होते. ऊन फार होतं.

गाडीत प्रार्थना आली नाही. प्रभूजवळ नुसता बसलो. तो बोलला नाही, मीही नाही. मनमाड येईपर्यंत.

१ जून, बुधवार. कल्याण कॅम्प

पारपतीने रिकामे हात बघितले.

"बच्ची?"

सांगितलं. सगळं. ती संतापली. "बेवकूफ! अपना खून किसी को देता है कोई? मेरी घागर भी दे आया?" नवऱ्याकडे वळून सिंधीत काहीतरी बोलली. आणि त्या माणसाने, ज्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, भिंतीकडून मान वळवून विचारलं, "वो औरत रोती थी?"

"हाँ, बाबा."

तो पुरता माझ्याकडे वळला. मग सरकून त्याने चटईवर जागा केली. मी बसलो. पारपती बडबडत होती, भांडी आपटत होती, पण ताट तिने तीन माणसांचं वाढलं. मी नुसता भाकरी मोडत बसलो. म्हातारा माझ्या पाठीवर हात ठेवून होता, जेवण होईपर्यंत. तोही जेवला नाही.

८ जून, बुधवार

पगार झाला. एप्रिलपासून मी जे बाजूला टाकत होतो, पाळण्यासाठी, शेळीसाठी, ते डब्यात तसंच आहे. त्या डब्याकडे बघवत नाही. सारूबाईला शब्द दिलाय, तिच्याकडे पाठवता येत नाही. तानाजीभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "बाप्तिस्म्याची उपकारस्तुती कोणी दिली?"

आमच्यात मुलाचा बाप्तिस्मा झाला की बाप मंडळीत दान देतो, देवाचे उपकार मानून. मास्तरांनी दिलंच असेल. पण दुसऱ्याने देऊ नये असं कुठे आहे?

उपकार. किती महिने या शब्दाशी माझं भांडण होतं. अजून आहे. बायजासाठी मानणार नाही, ते प्रभूला मी स्पष्ट सांगितलंय. पण त्या मुलीला धरायला एक कान आहे, त्यासाठी मानतो.

मनीऑर्डर करायला पोस्टात गेलो. कारकून म्हातारे, चष्मा नाकावर. कूपन वाचून म्हणाले, "उपकारस्तुती? म्हणजे कोणाचे उपकार फेडताय?"

"एका मुलीचे," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि शिक्का मारला. पाळकसाहेबांच्या नावे, दयाच्या बाप्तिस्म्याबद्दल, देणाऱ्याचं नाव मंडळीत वाचू नये. रुपये चोवीस.